कागदात आखाजी नव्हती

हिलाल मिस्तरी यंत्राकडे बघत नसे, त्याचं ऐकत असे. जळगावला मांगीलाल शेठच्या कापसाच्या जिनात चोवीस रेचे एका ओळीत उभे होते. रेचा म्हणजे सरकी आणि रुई यांची काडीमोड करून देणारं यंत्र. चामड्याचा रूळ रुई ओढून घेतो, पोलादी पातं सरकीला अलीकडेच अडवतं. रूळ गुळगुळीत झाला तर रुई धरत नाही. नको तिथे घासला तर तापतो, सरकी फुटते आणि रुईवर डाग पडतात. चोवीसही रेचे चालू असले की शेजाऱ्याच्या कानात शिवी घातली तरी त्याला ती शाबासकी वाटायची. त्या गदारोळात हिलाल दारात उभा राही, मान जराशी तिरकी करी आणि म्हणे, "सतरा नंबरना रूळ रडस." सतरा नंबर थांबवून बघितला की तो रडतच असायचा.

हे काम तो अकरा वर्षं करत होता आणि अकरा वर्षं हंगामी होता. दिवाळीला जिनाचा भोंगा वाजला की कामावर, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास कापूस संपला की घरी. अकरा हंगामांत तो एक दिवस गैरहजर नव्हता. कारकून मोतीलाल मात्र कायम होता. बावीस वर्षं कायम. त्याची खुर्चीही कायम होती. तिचा एक पाय तेवढा हंगामी होता, तिथे वीट होती.

उरलेले महिने हिलाल जळगावच्या वेशीबाहेर, पिंप्राळ्याला आपल्या घरी, मिळेल ते दुरुस्त करी. शिवणयंत्रं, पिठाची गिरणी, कुणाच्या तिजोरीचं कुलूप. एकदा गावच्या पाटलांचा फोनो आला होता. त्यातून बाईच्या गाण्याऐवजी मांजराचं भांडण ऐकू येई. हिलालने तो नीट केला. पाटलांनी दोन दिवस गाणं ऐकलं आणि म्हणाले, मांजरं बरी होती.

एकोणीसशे चौतीस सालच्या चैत्रात धुळ्याहून एक माणूस आला. धुळ्याच्या शांतीलाल शेठचा निरोप होता. त्यांच्या आणि त्यांच्या दोन व्याह्यांच्या जिनांतले सगळे रूळ पावसाळ्यात नव्याने बांधून हवे होते. काम ठेक्याने. माणसं हिलालची, हत्यारं हिलालची, डोकंही हिलालचं. आखाजीपर्यंत हो म्हणायचं, नाहीतर शेठ मुंबईहून मिस्तरी आणणार होते.

माणूस दुपारच्या गाडीने धुळ्याला परत निघाला. तो चाळीसगावला गाडी बदलत होता तेव्हाच इकडे बातमी लागून मांगीलाल शेठनी हिलालला गादीवर बोलावलं.

"हिलाल, किती वर्षं झाली रे तुला?"

"अकरा, शेठ."

"अरेरे," शेठ म्हणाले. अकरा वर्षं त्याला दुसऱ्याच कुणीतरी हंगामी ठेवलं होतं आणि ते आत्ताच कानावर आलं होतं, असा त्यांचा चेहरा झाला. "हे बरोबर नाही. मी तुला कायम करतो."

शेठनी तक्क्याला टेकून धंद्याची निंदा सुरू केली.

"धंदा म्हणजे काय? पाऊस पडला तर आहे, नाही पडला तर नाही. जीव टांगलेला. नोकरीत बघ, बारा महिने निवांत. कापूस असो, नसो. माझ्याकडे बघ. मला कोण देतो पगार?"

हे त्यांनी इतक्या कळवळून विचारलं की शेठना काहीतरी मदत करावी असं क्षणभर हिलालला वाटून गेलं.

"मग शेठ, धाकल्या शेठना लावायचं का कुठं नोकरीला?" त्याने साधेपणाने विचारलं.

"छे छे! आमच्यात नोकरी करत नाहीत," शेठ दचकून म्हणाले. "मुलगी कोण देईल?" आणि आपण आत्ताच काय बोललो याचा त्यांना बिलकूल त्रास झाला नाही.

मग अटी सांगितल्या. बारा महिने पगार. बॉयलरच्या मागची खोली राहायला. पावसाळ्यात जिन बंद असताना हिलालने स्टुलावर बसून यंत्रांवर लक्ष ठेवायचं. दुसऱ्या कुणाच्या यंत्राला मात्र हात लावायचा नाही.

"आखातीजला ये आणि सही कर," शेठ म्हणाले. "त्या दिवशी धरलेली गोष्ट कधी सुटत नाही."

इथे शेठची चूक झाली, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता. त्यांच्या घरात आखातीज हा टिकणाऱ्या गोष्टी सुरू करायचा दिवस. हिलालच्या घरात तोच दिवस आखाजी, आणि ती दावं सोडायचा दिवस होती.

हिलालचा बाप, सुकदेव आबा, एक्केचाळीस वर्षं पिंप्राळ्याच्या पाटलांकडे सालदार होता. सालदाराचं साल आखाजीला सुरू होतं आणि पुढच्या आखाजीला संपतं. वर्षभर तो मालकाचा. मालकाचे बैल उठतात तेव्हा उठायचं आणि बैल बसल्यावर बसायचं. पण आखाजीच्या दिवशी तो कुणाचाच नसतो. त्या दिवशी त्याला कुणी पाणी भर म्हणत नाही. तो धुतलेला फेटा बांधून आपल्या ओट्यावर बसतो, पत्ते खेळतो, आणि ज्याला त्याची गरज आहे तो मालक त्याच्या दाराशी येऊन विचारतो: औंदा राहतोस का? सुकदेव आबाच्या दाराशी थोरले पाटील एक्केचाळीस वेळा आले होते. मग थोरले पाटील गेले, आबाचे गुडघे गेले, आणि येणं थांबलं. तरी दर आखाजीला आबा फेटा बांधून ओट्यावर बसतच असे. कुणी विचारलं तर म्हणे, घरात उकडतं.

कायमची बातमी ऐकून याच आबाला आकाश ठेंगणं झालं. त्याच्या सात पिढ्यांत कुणाला कायम कुणी म्हटलं नव्हतं. उपाशीसुद्धा हंगामीच राहिले होते. काठी टेकत त्याने गावभर सांगितलं. न्हाव्याने हिलालची दाढी करताना "मिस्तरीसाहेब" म्हटलं आणि नेहमीपेक्षा कमी कापलं.

हिलालच्या बायकोला, मंजुळाबाईला, हा उत्सव तितकासा रुचला नाही. ती पिंपळनेरची. तिचा बाप बैलगाड्या हाकून जंगलातलं लाकूड धुळ्याला आणायचा. गाड्या त्याच्या स्वतःच्या. आखाजीला माहेरी निघण्यासाठी ती गाठोडं बांधत होती.

"मी बॉयलरमांगे बी राहसु," ती म्हणाली. "पन तुमी चार महिना स्टूलवर बठीसन कुलूप राखशात, ते मनाघाई देखावनार नही."

"आनि धुळानं काम उलटं पडनं त?"

"उलटं पडनं त सुलटं करशात. मिस्तरी शेतस ना?"

"आनि मना कान गया त?"

यावर ती गाठ मारता मारता थांबली. हिलालच्या आधीचा मिस्तरी चाळिशीतच ठार बहिरा झाला होता. हल्ली तो जिनाच्या फाटकाबाहेर शेंगा विकत असे आणि गिऱ्हाईक काहीही बोललं तरी अर्धा शेर देत असे. हिलाल रोज त्याच्यासमोरून जाई. रोज एक दाणा तोंडात टाकी, आणि तो दाणा काही केल्या गिळवत नसे.

"कान गया त," मंजुळाबाई गाठ ओढून म्हणाली, "शेट तुमले कायम ठेई का?"

ती गेली. जाताना सांगून गेली की आखाजीनंतर न्यायला या, आणि पिंप्राळ्याला यायचं का बॉयलरमागे, ते तेव्हा सांगा. हिलालची लग्न झालेली बहीण भिकुबाई आखाजीसाठी माहेरी आली आणि चूल तिच्या हाती गेली.

आखाजी उजाडली. नव्या घागरी भरून पूर्वजांना पाणी झालं. गल्लीतल्या कडुलिंबाला माहेरवाशिणींचे झोके लागले, आणि सासूवरची गाणी सासू ऐकणार नाही एवढ्या अंतरावरून जोरात सुरू झाली. हिलालने धुतलेलं धोतर नेसलं. दहा वाजता गादीवर जाऊन सही करायची होती. पण निघता निघता त्याच्या कानावर भिकुबाईच्या झोक्याची दोरी आली. ती कुरकुरत होती. ती नीट करणं भागच होतं. मग शेजारणीचा झोका ऐकू आला. दहा वाजता तो चौथ्या झोक्याच्या फांदीवर होता आणि पाचवा झोका बिघडावा अशी मनातून प्रार्थना करत होता.

साडेअकराला छत्री धरून, घामाघूम झालेला मोतीलाल आला. बगलेत कागद, एका हातात शाईची दौत.

"हिलाल, अरे शेठ वाट बघून थकले. म्हणाले, तूच जा आणि सही घेऊन ये."

ओट्यावर आबा तिघा म्हाताऱ्यांबरोबर पत्ते खेळत होता. त्याने मोतीलालला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"आज आखाजीना दिन तुले कामवर धाडं?"

"गादी उघडी आहे आबा. मी कायम आहे ना. हंगामी लोकांना सुट्टी असते."

म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. आबाने पत्ते पालथे ठेवले. "वाच भो," तो म्हणाला, "बठ्ठं वाच. गावले आइकू दे."

मोतीलालने घसा साफ केला आणि वाचलं. बारा महिने. खोली. दिवाळीला धोतरजोडी. दुसऱ्याच्या यंत्राला हात लावणार नाही. प्रत्येक कलमाला आबा मान डोलवत होता आणि बाकीचे म्हातारे आबाला मान डोलवत होते. शेवटचं कलम आलं. "सदरहू मिस्तरी, मालकांची मर्जी असेतोवर, कायम राहील."

"मर्जी शे तोवर?" आबा म्हणाला. "ते त मना सालदारकीमा बी व्हतं." मग त्याने कागद हातात घेतला, उलटून पाहिला, उन्हात धरून पाहिला. वाचता येत नसल्यामुळे तो फार बारकाईने बघत होता.

"मोतीलाल, याम्हा आखाजी कोठे शे?"

"कसली आखाजी?"

"पुढला सालनी. शेट इचाराले कव्हय येई?"

मोतीलाल हसला. "आबा, हे कायम आहे. म्हणजे एकदाच सही. पुन्हा विचारायचं कारणच नाही."

"पुढला साल?"

"नाही."

"त्याना पुढला?"

"आबा, कधीच नाही! हाच तर फायदा."

आबाने कागद मांडीवर ठेवला.

"तुले बाईस वर्सं व्हयनात," आबा हळूच म्हणाला. "शेट तुना दारशी कितला डाव उना?"

मोतीलालने तोंड उघडलं. तो प्रामाणिक माणूस होता, त्याने खरंच आठवून पाहिलं. "माझे वडील वारले तेव्हा," तो म्हणाला, "शेठनी माणूस पाठवला होता." आणखी आठवलं. "म्हणजे तो बोलवायला आला होता. चाव्या माझ्याकडे राहिल्या होत्या."

भिकुबाईने त्याला आमरसाची वाटी आणून दिली आणि ती त्याने उभ्या उभ्याच धरली.

"हिलाल," आबा म्हणाला. हिलाल एव्हाना फांदीवरून उतरून ओट्याशी आला होता. "मी एक्केचाळीस वर्सं बैलनी मांगे चालनू. तीनशे चौसष्ट दिन मी पाटीलना. पन आखाजीले पाटील वहाना काढीसन आठे उभा राहे, आनि मी सांगू तवपर्यंत बठे बी नही. त्या एक दिनवर मी बठ्ठा साल काढू." त्याने कागद पुढे केला. "मी गावभर सांगं, कायम, कायम. माले काय माहीत, या लोक आखाजीच काढी लेतस."

हिलालने कागद घेतला. अकरा वर्षांत त्याने कितीदा मनात हा कागद हातात धरला होता. कागद चांगला जाड होता. त्याने मान जराशी तिरकी केली, जणू त्यातून काही ऐकू येतंय का बघत होता. काहीच ऐकू येत नव्हतं. शेंगावाल्याची आठवण झाली. तो बहिरा झाला त्या साली शेठची मर्जी किती दिवस टिकली होती? आठ दिवस. आपले कान जायचे तर ते कायमच्या खोलीतही जातील आणि ठेक्यातही. फरक एवढाच की ठेक्यात तोवर दोन पोरं हाताखाली शिकून तयार झालेली असतील, आणि ती त्याच्यासाठी ऐकतील. हा विचार त्याला आधी का सुचला नव्हता? बहुधा भीती चालू असताना बाकीचं ऐकू येत नाही. चोवीस रेच्यांचं असतं तसंच.

"मोतीलालभाऊ," तो म्हणाला, "शेठना सांगा, मी काम सोडत नाही. तुमच्या चोवीस रेच्यांचं मी ठेक्याने बघेन. पण कायम होत नाही."

"हे मी सांगू?" मोतीलालचा आमरस हलला.

"आनि सांग," आबाने जोडलं, "आज आखाजी शे. बोलानं व्हई त दिवा लागाना पहिले या म्हना."

"आणि जाता जाता टेसनात एक तार करा," हिलाल म्हणाला. "धुळ्याला, शांतीलाल शेठना. येतो म्हणून."

मोतीलाल बिनसहीचा कागद, भरलेली दौत आणि शेठच्या प्रतिस्पर्ध्याची तार घेऊन उन्हात निघून गेला. इतकं काम त्याला बावीस वर्षांत एका फेरीत कुणी दिलं नव्हतं.

दुपार झाली. मग दुपार संपली. हिलाल सहाव्या झोक्याचं काम करून आला. सहावा झोका ठणठणीत होता. शब्द तोंडातून गेला होता आणि आता तो अंगावर येत होता. धुळ्याचं काम चार महिन्यांचं. पुढे दिवाळीला शेठनी फाटकच उघडलं नाही तर? त्याला तो सतरा नंबर आठवला. दुसरा कुणीतरी त्याच्यासमोर उभा राहील आणि त्याला रडणं ऐकू येणार नाही. नोकरीपेक्षा त्याला याचंच जास्त वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा रागही आला.

आबा पत्ते खेळत होता. रस्त्याकडे त्याची पाठ होती. पण फेटा त्याने तीनदा सोडून तीनदा बांधला.

उन्हं कलली, गुरं परत आली, आणि त्यांच्या धुळीतून शेठचा टांगा आला. पुढे टांगेवाल्याशेजारी मोतीलाल, मागे मांगीलाल शेठ. (शेठ कसे निघाले ते पुढे मोतीलालनेच सांगितलं. शेठ दुपारभर संतापले होते. "नोकरी नको म्हणतो! माजला!" शेठाणी प्रेमकुंवर पापड वाळत घालत होत्या. त्या वर न बघता म्हणाल्या, "तुमच्या आजोबांनी नोकरी केली असती तर तुम्ही आज कुणाच्या फाटकावर असता? तो आपल्यासारखं वागतोय आणि तुम्ही त्याला बेइमान म्हणता." शेठनी टांगा जोडायला सांगितला.)

शेठ खाली उतरले. ओट्याशी येऊन ते जरा घुटमळले, आणि मग, कुणी सांगितलं नसताना, त्यांनी वहाणा काढल्या. धूळ फार होती म्हणूनही असेल.

"राम राम, आबा."

"राम राम, शेट." आबाने मान वर केली नाही. पत्ते छातीशी धरले. "एवढा डाव व्हऊ द्या."

चोवीस रेचे आणि बावीस वर्षं जुना कारकून हुकमावर चालवणारा माणूस पिंप्राळ्याच्या ओट्याशी उभा राहिला. आबाने एक पत्ता काढला, परत ठेवला. दुसरा काढला. त्याचे तिन्ही सोबती जागच्या जागी थिजले होते. अहो आबा, टाका की काहीतरी, असं हिलालला ओरडावंसं वाटत होतं. अखेर आबाने अगदी सावकाश पान टाकलं आणि म्हणाला, "हं. बठा शेट. भिकुबाई, घोंगडी आन."

शेठ घोंगडीवर बसले आणि हिलालकडे वळले. "पावसाळ्यात माझे रूळ आधी, हिलाल."

"धुळ्याचे आधी, शेठ."

"का? शांतीलाल तुझा कोण लागतो?"

"कुणी नाही. त्यांनी आधी विचारलं."

शेठनी हे ऐकून घेतलं. मग ते पुढे सरकले आणि घासाघीस सुरू झाली. रूळ किती, चामडं कुणाचं, श्रावणापर्यंत की गणपतीपर्यंत. हिलालला वाटलं होतं, शेठ चिडतील. पण शेठचा चेहरा उजळत चालला होता. अकरा वर्षं त्यांनी या माणसाला फक्त सांगितलं होतं. आज पहिल्यांदा त्याच्याशी सौदा करत होते, आणि सौदा हा त्यांचा जीव की प्राण. हिलाल एका ठिकाणी अडून बसला तेव्हा तर त्यांनी कौतुकाने मोतीलालकडे पाहिलं. चामडं शेठचं ठरलं. गणपतीपर्यंतची मुदत ठरली. हंगामात हिलाल चोवीस रेच्यांपाशी उभा राहील हेही ठरलं.

"आणि पुढच्या सालाचं?" शेठनी विचारलं.

"ते पुढच्या आखाजीला, शेठ. तुम्ही विचारा, मी सांगतो."

"हिलालभाऊ," शेठ उठत म्हणाले, आणि आपण भाऊ म्हणालो हे त्यांच्या ध्यानात आलं नाही, "धुळ्याचं काम फार चांगलं करू नकोस."

टांगा वळला. मोतीलाल मात्र मागे रेंगाळला. त्याने आबाला हळूच विचारलं, "आबा, पुढच्या आखाजीला मी येऊ का पत्त्यांना?"

"तुले सुट्टी कोठे शे?"

"मागून बघतो," मोतीलाल म्हणाला, आणि टांग्यामागे धावला.

हिलाल हत्यारांची पेटी भरू लागला. सकाळची गाडी होती: चाळीसगाव, धुळे, आणि धुळ्याचे रूळ बघून झाले की पुढे पिंपळनेर. मंजुळाबाईला काय सांगायचं ते ठरलं होतं.

ओट्यावर दिवा आला तेव्हा म्हाताऱ्यांपैकी एकाने आबाचे उरलेले पत्ते उचलून पाहिले आणि कपाळाला हात लावला.

"सुकदेव, हातमा एक बी कामनं पान नही तुना! मंग शेटले इतला येळ उभा कसाले ठिया?"

"मंग?" आबा फेटा उतरवत म्हणाला. "थोरला पाटीलले बी मी दर आखाजीले असाच उभा करू. तव्हय बी काय चांगला पत्ता ये का माले?"